फिनॉलिक संयुगे: शरीराला परकी, तरीही उपयोगी

पदव्युत्तर अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षी मी शेकडो परीक्षानळ्यांमध्ये एकच रंगबदल पाहत असे. डीपीपीएच नावाच्या रसायनाचे गडद जांभळे द्रावण घ्यायचे, त्यात एखाद्या पानाचा, सालीचा किंवा बीचा अर्क मिसळायचा, अर्धा तास अंधारात ठेवायचे आणि मग वर्णपटमापीवर ५१७ नॅनोमीटरला वाचन घ्यायचे. अर्कात फिनॉलिक संयुगे भरपूर असली की जांभळा रंग फिका पडत पिवळ्यावर येई. तेवढ्या आधारावर आम्ही प्रबंधात बिनदिक्कत लिहीत असू, की हा अर्क मुक्त मूलकांना (पेशींना इजा करणाऱ्या अतिक्रियाशील रेणूंना) निष्प्रभ करतो आणि म्हणून तो हृदयविकार, मधुमेह, कर्करोग यांसारख्या दीर्घकालीन आजारांवर उपयुक्त ठरू शकतो. त्या ‘म्हणून’मध्ये केवढी मोठी उडी दडलेली होती, हे कळायला मला पुढची बरीच वर्षे लागली.

मागच्या महिन्यात मावशीने ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूलची बाटली माझ्यापुढे ठेवली आणि “तुझाच विषय आहे ना हा, मग घेऊ की नको ते सांग,” असे विचारले. बाटलीवरचे वाक्य जवळजवळ आमच्या प्रबंधातलेच होते. मी तिला लगेच उत्तर देऊ शकले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा विस्तार आहे.

फिनॉलिक संयुग म्हणजे ज्याच्या रेणूत सहा कार्बन अणूंचे ॲरोमॅटिक वलय असून त्याला किमान एक हायड्रॉक्सिल गट जोडलेला आहे असे संयुग. या साध्या सांगाड्यावर वनस्पतींनी ८,०००हून अधिक वेगवेगळ्या रचना उभारल्याचे ज्ञात आहे. कॉफीतील क्लोरोजेनिक आम्ल, धान्याच्या कोंड्यातील फेरुलिक आम्ल, कांद्यातील क्वेर्सेटिन, चहातील कॅटेचिन, सोयाबीनमधील डेडझाइन, बेरीवर्गीय फळांना निळा-जांभळा रंग देणारी अँथोसायनिन, द्राक्षाच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉल, हळदीतील कर्क्युमिन आणि तोंडाला तुरटपणा आणणारी टॅनिन ही सगळी याच कुळातली मंडळी. यांतील बहुतेकांची सुरुवात फेनिलॲलनीन या अमिनो आम्लापासून होते आणि लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निनही त्याच कारखान्यातून बाहेर पडते. तुरट चव हा तर या रसायनाचा जिभेवर घडणारा प्रयोगच आहे: टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते. कच्चे फळ खाणाऱ्याला परतवून लावण्यासाठी झाडाने केलेली ही तजवीज आहे. अतिनील किरणांपासून बचाव, बुरशीचा प्रतिकार, परागीभवनासाठी कीटकांना रंगाचे आमिष, मुळांशी जिवाणूंना संदेश अशी या संयुगांची कामे वनस्पतीच्या स्वतःच्या संसारातली आहेत. आपल्या रक्तवाहिन्यांचा विचार त्यात कुठेही नाही.

हे लक्षात ठेवले की पुढचा बराच गोंधळ टळतो. माणसाच्या शरीराला ही संयुगे आवश्यक पोषकद्रव्ये म्हणून ठाऊक नाहीत. एकेकाळी तसे वाटले होते. क जीवनसत्त्वावरील कामासाठी पुढे १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळालेले आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९३६च्या सुमारास असे आढळले, की केशवाहिन्यांतून होणारा सूक्ष्म रक्तस्राव शुद्ध क जीवनसत्त्वाने थांबत नाही, पण लिंबासारख्या फळाच्या अर्काने थांबतो. त्यांनी त्या अर्कातील फ्लॅव्होनॉइडांना (हा फिनॉलिक संयुगांचाच एक गट) ‘पी जीवनसत्त्व’ असे नाव दिले. परंतु जीवनसत्त्व म्हणायचे तर त्याच्या अभावाचा एक ठरावीक आजार दाखवता यावा लागतो, आणि तो कोणालाच दाखवता आला नाही. १९५०मध्ये ते नाव मागे घेण्यात आले. फिनॉलिक संयुगांच्या अभावी कोणी स्कर्व्हीसारखा आजारी पडत नाही.

उलट शरीर त्यांना परके समजते आणि एखाद्या औषधाला किंवा विषाला जशी वागणूक देते तशीच त्यांना देते. कांद्यातील क्वेर्सेटिनला साखरेचा रेणू जोडलेला असतो. लहान आतड्याच्या अस्तरातील विकर (एन्झाइम) तो तोडून टाकते, उरलेला भाग पेशीत शिरतो आणि शिरताक्षणीच त्याला ग्लुक्युरॉनिक आम्लाचे किंवा सल्फेटचे बिरुद चिकटवले जाते, जेणेकरून तो पाण्यात विरघळावा आणि मूत्रावाटे किंवा पित्तावाटे बाहेर टाकता यावा. जे आतड्यातून सुटले ते यकृतात सापडते. परिणामी रक्तात जे फिरते ते आपण खाल्लेले क्वेर्सेटिन नसतेच, त्याचे शिक्के मारलेले रूप असते, आणि त्याचेही प्रमाण सहसा लिटरमागे एक मायक्रोमोलच्या वर जात नाही. प्रयोगशाळेत पेशींवर मात्र दहा, पन्नास, शंभर मायक्रोमोल असे मूळ रूपातील संयुग ओतले जाते. त्यातही एक गंमत अशी, की ग्रीन टीतील ईजीसीजी या कॅटेचिनासारखी संयुगे पेशींच्या संवर्धन माध्यमात स्वतःच ऑक्सिडीकृत होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. म्हणजे बशीतल्या कर्करोगाच्या पेशी मेल्या त्या या ‘प्रतिऑक्सिडीकारका’मुळे (अँटिऑक्सिडंटमुळे) की त्याने निर्माण केलेल्या पेरॉक्साइडमुळे, हा प्रश्न जुन्या प्रयोगांपैकी बऱ्याच प्रयोगांना विचारावा लागतो.

आता प्रमाणांची तुलना करून पाहावी. निरोगी माणसाच्या रक्तात यूरिक आम्ल लिटरमागे साधारण २०० ते ४०० मायक्रोमोल असते आणि क जीवनसत्त्व ५०च्या आसपास. ही दोन्ही स्वतः प्रतिऑक्सिडीकारक आहेत. त्यांच्या शेजारी एखाद-दुसऱ्या तासापुरते आलेले अर्धा मायक्रोमोल क्वेर्सेटिन मुक्त मूलकांना टिपून काढण्याच्या कामात कितीशी भर घालणार? ओरेगॉनमधील लायनस पॉलिंग इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी स्वयंसेवकांना पाच-पाच सफरचंदे खायला देऊन त्यांच्या रक्ताची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता मोजली, तेव्हा ती खरोखरच वाढलेली दिसली. मग त्यांनी सफरचंदांत जेवढे फ्रुक्टोज असते तेवढेच नुसत्या पाण्यातून दिले, आणि तेवढीच वाढ पुन्हा दिसली. कारण फ्रुक्टोजच्या चयापचयातून यूरिक आम्ल वाढते आणि मापकावर उमटले होते ते हेच यूरिक आम्ल. हा प्रयोग वाचला त्या दिवशी मला माझ्या जांभळ्या नळ्या आठवल्या आणि थोडे ओशाळल्यासारखे झाले. अमेरिकेच्या कृषी विभागाने २०१२ साली खाद्यपदार्थांच्या ‘ओरॅक’ गुणांची (नळीत मोजलेल्या प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेच्या आकड्यांची) आपली सूची संकेतस्थळावरून काढून टाकली ती याच कारणाने: काचेच्या नळीतील हे आकडे माणसाच्या आरोग्याविषयी काही सांगत नाहीत आणि विक्रेते मात्र त्यांचा जाहिरातीसाठी वापर करतात, असे विभागाने स्पष्ट म्हटले. त्याआधीही बीटा-कॅरोटिनने सर्वांना धडा दिलेला होता. ते फिनॉलिक संयुग नव्हे, पण प्रतिऑक्सिडीकारक म्हणून त्याचा बोलबाला मोठा. १९९४मध्ये फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीचा निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढलेले होते.

मग फिनॉलिक संयुगांचा आरोग्याशी संबंध नाही असे म्हणायचे का? तसे म्हणता येत नाही, आणि विषयातला खरा रस इथूनच सुरू होतो. परकेपणाची वागणूक देणारी जी यंत्रणा आहे तिच्यातच उपयोगाचे एक मूळ दिसते. पेशीत केॲप१ नावाचे प्रथिन एनआरएफ२ या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवते आणि सतत त्याची विल्हेवाट लावत राहते. काही फिनॉलिक संयुगे ऑक्सिडीकृत होऊन क्विनोन बनतात, ती केॲप१वरील गंधकयुक्त गटांना चिकटतात, पकड सुटते आणि एनआरएफ२ केंद्रकात जाऊन संरक्षक विकरांची जनुके चालू करते. त्यांत ग्लुटाथायोन हा संरक्षक रेणू तयार करणारी विकरे असतात, तसेच परक्या पदार्थांना शिक्के मारून बाहेर काढणारीही असतात. म्हणजे येथे फिनॉलिक संयुग स्वतः आग विझवत नाही. त्याच्या किंचित उपद्रवाने पहारा जागा होतो, आणि जागा झालेला पहारा मग इतर घुसखोरांनाही आवरतो. सौम्य उपद्रवातून बळ मिळण्याची ही कल्पना मला मुक्त मूलकांच्या गोष्टीपेक्षा पुष्कळ अधिक पटते, कारण तिला रक्तातील मोठ्या प्रमाणाची गरज लागत नाही. तरीही तिचा पुरावा अजून बराचसा पेशी आणि प्राणी यांच्यावरील आहे हे नोंदवले पाहिजे.

दुसरे मूळ रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आहे, आणि तिथला पुरावा माणसांवरचा आहे. कोकोतील एपिकॅटेचिन पोटात गेल्यावर तासा-दोन तासांत धमनी अधिक सैलावू शकते, कारण अस्तरातील नायट्रिक ऑक्साइडची उपलब्धता वाढते. या संशोधनाला चालना मिळाली ती पनामाच्या किनाऱ्यालगतच्या सान ब्लास बेटांवर राहणाऱ्या कुना लोकांमुळे. हार्वर्डचे नॉर्मन हॉलेनबर्ग यांच्या गटाला असे दिसले, की बेटावर राहून भरपूर कोको पिणाऱ्या या लोकांचा रक्तदाब वयाबरोबर वाढत नाही, पण तेच लोक पनामा शहरात राहायला गेले की तो वाढू लागतो. शहरात गेल्यावर कोकोखेरीज इतरही शंभर गोष्टी बदलतात हे खरे. म्हणूनच पुढे शुद्ध एपिकॅटेचिन देऊन परिणाम तपासावा लागला.

तिसरे मूळ मोठ्या आतड्यात आहे. खाल्लेल्या फिनॉलिक संयुगांचा मोठा हिस्सा लहान आतड्यात शोषलाच जात नाही. तो खाली उतरतो आणि तिथले जिवाणू त्याचे तुकडे करून लहान आम्ले बनवतात, जी पुढे रक्तात शिरतात. कोणते तुकडे होणार हे ज्याच्या त्याच्या आतड्यातील जिवाणूंवर अवलंबून असते. सोयाबीनमधील डेडझाइनपासून इक्वॉल बनवणारे जिवाणू पाश्चात्त्य देशांत सुमारे चौथाई ते तिसरा हिस्सा लोकांत आढळतात, तर जपानसारख्या देशात निम्म्याहून अधिकांत. डाळिंब आणि अक्रोड यांतील एलॅजिटॅनिनपासून काहींच्या आतड्यात यूरोलिथिन बनते आणि काहींच्या बनतच नाही. एकाच ताटातून जेवणाऱ्या दोन माणसांच्या रक्तात दोन वेगळी औषधे फिरत असावीत, तसा हा प्रकार आहे, आणि या विषयातील चाचण्यांचे निकाल एकमेकांशी का जुळत नाहीत याचा एक मोठा भाग त्यातच असावा असे मला वाटते.

हृदयविकाराबाबत पहिली लक्षवेधी नोंद १९९३ साली नेदरलँड्समधील झुटफेन गावातून आली. ६५ ते ८४ वर्षांच्या ८०५ पुरुषांचा आहार नोंदवून पाच वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले असता, ज्यांच्या आहारात फ्लॅव्होनॉइडे सर्वाधिक होती त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत कमी फ्लॅव्होनॉइडे घेणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी आढळले. या पुरुषांचे सरासरी सेवन दिवसाला फक्त २६ मिलिग्रॅमच्या आसपास होते आणि त्यातील सुमारे ६१ टक्के एकट्या चहातून येत होते. त्याखालोखाल कांदा आणि सफरचंद. पण निरीक्षणाने कारण सिद्ध होत नाही. कारण तपासण्यासाठी अमेरिकेत २१,४४२ ज्येष्ठ नागरिकांवर ‘कॉसमॉस’ ही चाचणी झाली, ज्यात निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको-फ्लॅव्हेनॉल (एपिकॅटेचिन ज्या गटातले ती संयुगे) आणि उरलेल्यांना निष्क्रिय गोळी दिली गेली. २०२२मध्ये निकाल आला: सुमारे साडेतीन वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या एकूण घटना १० टक्क्यांनी कमी झाल्या, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी झालेले मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी होते. मुख्य प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आणि दुय्यम प्रश्नाचे उत्साहवर्धक अशा निकालाकडे मी सावध आशेने पाहते. चाचणीच्या खर्चात चॉकलेट बनवणाऱ्या मार्स कंपनीचा वाटा होता, तो उघड जाहीर केलेला असला तरी, हेही विसरत नाही. स्पेनमधील ७,४४७ लोकांवरील ‘प्रेडिमेड’ चाचणीत एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल किंवा सुका मेवा यांची जोड दिलेल्या आहाराने हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे ३० टक्क्यांनी घटल्या. गटवाटपातील त्रुटींमुळे २०१३चा तो शोधनिबंध मागे घेऊन २०१८मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध करावा लागला, पण निष्कर्ष फारसा बदलला नाही. त्या तेलात हायड्रॉक्सिटायरोसॉल हे फिनॉलिक संयुग आहे, तसेच ओलेइक आम्ल हे मेदाम्लही आहे. श्रेय कोणाला किती द्यायचे हे ती चाचणी सांगत नाही.

मधुमेहाच्या बाबतीत कॉफी पिणाऱ्यांना टाइप २ मधुमेह कमी होतो हे निरीक्षण अनेक देशांत पुन्हा पुन्हा आले आहे, आणि कॅफिन काढलेल्या कॉफीतही तोच कल दिसतो, त्यामुळे संशय साहजिकच क्लोरोजेनिक आम्लाकडे वळतो. पण मधुमेह आणि फिनॉलिक संयुगे यांच्या नात्यातली सर्वांत पक्की गोष्ट मला निराळीच वाटते. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन हे कडू संयुग वेगळे केले गेले, आणि १८८६मध्ये योसेफ फॉन मेरिंग यांना दिसले, की ते दिल्यावर लघवीतून साखर जाऊ लागते. मूत्रपिंडात गाळलेली साखर परत शोषणारे वाहक प्रथिन ते अडवते. मात्र तोंडावाटे घेतलेल्या फ्लोरिझिनला आतड्यातले विकर तोडते, म्हणजे तीच परकेपणाची वागणूक आडवी येते. रसायनशास्त्रज्ञांनी साखरेचा सांधा ऑक्सिजनऐवजी कार्बनने जोडून तो विकराला तुटणार नाही असा केला, आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे जन्माला आली, जी आज मधुमेहाबरोबरच हृदयाच्या अकार्यक्षमतेतही दिली जातात. एका फिनॉलिक संयुगाने दीर्घकालीन आजारावर इतका ठोस परिणाम घडवला, आणि त्यात प्रतिऑक्सिडीकारक गुणाचा काडीचाही संबंध नव्हता.

कर्करोगाविषयी थोडक्यातच लिहिते, कारण माणसांवरचा पुरावा थोडाच आहे. जपानमधील ओहसाकी अभ्यासात ४०,५३० प्रौढांच्या मृत्यूंची कारणे सात वर्षांपर्यंत नोंदवली असता, दिवसाला पाच किंवा अधिक कप ग्रीन टी पिणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू कमी दिसले. कर्करोगाच्या मृत्यूंत फरक दिसला नाही.

रेस्व्हेराट्रॉलची कथा मात्र टाळता येत नाही. १९९२मध्ये ‘फ्रेंच विरोधाभास’ गाजला: चरबीयुक्त आहार घेऊनही फ्रेंच लोकांत हृदयविकार कमी का, तर रेड वाइनमुळे, असे उत्तर सुचवले गेले. वाइनमध्ये रेस्व्हेराट्रॉल लिटरमागे अवघे काही मिलिग्रॅम असते, आणि २५ मिलिग्रॅम गिळले तरी रक्तात मूळ रूपात ते जेमतेम मोजता येते. तरीही २००८ साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने या संयुगाभोवती उभ्या राहिलेल्या कंपनीसाठी ७२ कोटी डॉलर मोजले. २०१४मध्ये इटलीतील कियांती भागातील ७८३ वृद्धांच्या लघवीतील रेस्व्हेराट्रॉलच्या खुणा त्यांच्या आयुष्याशी ताडून पाहिल्या गेल्या, आणि आयुर्मान, हृदयविकार किंवा कर्करोग यांपैकी कशाशीही त्यांचा संबंध लागला नाही.

कॅप्सूलबद्दलची माझी हरकत ही, की शरीराची परक्याला हाताळण्याची क्षमता ज्या मापाने येणाऱ्या पदार्थासाठी घडली आहे, ते माप कॅप्सूल ओलांडते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८मध्ये तपासणी केली तेव्हा ग्रीन टीच्या पूरकांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेणाऱ्यांच्या रक्तात यकृताला इजा झाल्याची सूचना देणारी विकरे वाढलेली आढळली. नेहमीच्या पद्धतीने केलेला चहा पिण्यात तसा धोका दिसला नाही. नेहमीची औषधे घेणाऱ्याने तर अधिक जपावे, कारण आतडे आणि यकृत यांतली जी विकरे या संयुगांना हाताळतात त्यांच्या वाटेने औषधेही जातात.

मावशीशी बोलताना आणखी एक गोष्ट निघाली. रक्तातील लोह कमी असल्याने तिला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत आणि ती त्या दोन्ही वेळा चहाच्या घोटाबरोबर घेत होती. चहातील टॅनिन आतड्यातच लोहाला धरून ठेवते. जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने त्या जेवणातील लोहाचे शोषण ६४ टक्क्यांनी आणि कॉफीने ३९ टक्क्यांनी घटल्याचे १९८३च्या एका प्रयोगात मोजले गेले आहे. गोळी आणि चहा यांत आता ती दोन तासांचे अंतर ठेवते. कॅप्सूल घेऊ नकोस असे मी तिला सांगितले. चहा, कांदा आणि सालीसकट सफरचंद यांवर काहीच बंधन घातले नाही. बाटलीचे सील फोडलेले नसल्यामुळे ती दुकानदाराला परत करता येईल का, हे ती सध्या पाहत आहे.